वॉर्स्लीचं काय?

अंटार्क्टिक मोहिमेवरच्या 'एंड्युरन्स' जहाजाची माणसं मोहीमप्रमुख शॅकल्टनच्या नेतृत्वामुळे वाचली, असं इथल्या चर्चेत म्हटलं गेलंय. मान्य. पण जहाजाचा कप्तान फ्रँक वॉर्स्ली याचं नाव अजून कुणीच घेतलं नाही, म्हणून हा प्रतिसाद.

बर्फाने जहाज गिळल्यावर हे लोक एलिफंट बेटावर पोचले. तिथून २४ एप्रिल १९१६ला सहा जण 'जेम्स केर्ड' या जेमतेम साडेबावीस फुटी होडीतून मदत आणायला साउथ जॉर्जिया बेटाकडे निघाले. अंतर सुमारे ८०० मैल. दिशा काढायची वॉर्स्लीने, आणि सूर्य दिसणार कधी? संपूर्ण प्रवासात मोजून चार वेळा! सूर्य डोकावला की हा गुडघ्यावर बसून सेक्स्टंट (सूर्याची उंची मोजायचं उपकरण) डोळ्याला लावायचा, होडीतून फेकला जाऊ नये म्हणून दोघं त्याला धरून ठेवायचे आणि तो ओरडला की आत एक जण क्रोनोमीटरची (अचूक घड्याळाची) वेळ टिपायचा. मग लगदा झालेल्या पुस्तकातली कोष्टकं उघडून गणित. बाकीचे दिवस अंदाजपंचे. (आपण जीपीएस असून डावं वळण चुकवतो.)

मला सगळ्यात आवडतो तो एक निर्णय. बेट हुकलं असतं तर पश्चिमेच्या वाऱ्याने त्यांना पुढे मोकळ्या समुद्रात लोटलं असतं, परत फिरणं अशक्य. म्हणून वस्ती पूर्व किनाऱ्यावर असूनही त्यांनी पश्चिम किनारा धरला. १० मे रोजी किनाऱ्याला लागले, पण मग वस्ती गाठायला सहापैकी तिघांना मधले डोंगर पायी ओलांडावे लागले. त्या तिघांतही वॉर्स्ली होताच.