'लो इम्पिडन्स'ला मराठीत काय लिहावं? (हेडफोन, ॲम्प, डॅक)

छत्रीबाग (इंदूर)
आमच्याकडे जुनं गाणं ऐकणाऱ्यांचा एक गट आहे, बहुतेक मंडळी सत्तरीच्या आसपासची. रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून एकेकाने हेडफोन घेतले आणि आता 'याला ॲम्प (हेडफोनला ताकद पुरवणारा) लागतो का, डॅक (आकड्यांतल्या गाण्याचं व्होल्टेज करणारा) वेगळा घ्यायचा का' हे रोजचं झालंय. म्हणून दोन पानांचं टिपण मराठीत करतोय.

गाडी अडली आहे ती खोक्यावरच्या '३२ ओहम, लो इम्पिडन्स'पाशी. मराठी परिभाषेत इम्पिडन्सला 'संरोध' आहे. इथली पोरं हिंदीतून शिकलेली, ती 'प्रतिबाधा' म्हणतात. मी 'अल्प संरोध' लिहिलं तर गटातले एक काका म्हणाले, "म्हणजे अडथळा कमी. म्हणजे हलका, कशालाही लावला तरी वाजेल." आता शब्द बदलू की वाक्य?

खर्ज
वाक्य बदला. 'संरोध' चांगला शब्द आहे. रोध म्हणजे रेझिस्टन्स, आणि कॉइल व कपॅसिटरमुळे वारंवारतेनुसार बदलणारा अडथळाही त्यात धरला की तो संरोध. इंग्रजी शब्दही काही फार पुराणा नाही, इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइडने तो १८८६ मध्ये रूढ केला. त्याच्या वेळच्या तारयंत्रवाल्यांनाही तो कानाला विचित्रच लागला असणार.

काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अडथळा कमी म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला करंट जास्त वाहणार. १ व्होल्टला ३२ ओहममधून साधारण ३१ मिलिअँपिअर जातो, ३०० ओहममधून ३.३. म्हणून कमी ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज थोडं पुरतं, पण करंट देणारा दमदार लागतो. जास्त ओहमच्या हेडफोनचं बरोबर उलटं.

हेडफोन 'हलका' की 'जड', हे मात्र ओहमवरून कळतच नाही. त्यासाठी दुसरा आकडा पाहायचा, संवेदनशीलता: १ मिलिवॅट दिला तर किती डेसिबल आवाज. समजा दोन हेडफोन, दोन्ही ३२ ओहमचे. एकाची संवेदनशीलता १०० डेसिबल, दुसऱ्याची ८५. गाण्यातला एखादा जोरकस क्षण ११० डेसिबलपर्यंत जातो असं धरा. पहिल्याला त्या क्षणी १० मिलिवॅट लागतील, म्हणजे ०.५७ व्होल्ट आणि १८ मिलिअँपिअर. दुसऱ्याला ३१६ मिलिवॅट: ३.२ व्होल्ट आणि जवळजवळ १०० मिलिअँपिअर. ओहम तेच, भूक तिसेक पट. प्लॅनर जातीचे (पातळ सपाट पडदा हलवून आवाज काढणारे) बरेच हेडफोन या दुसऱ्या गोत्रातले असतात. खोक्यावर 'लो इम्पिडन्स' वाचून माणूस ते फोनला लावतो आणि मग म्हणतो, मजा नाही आली.

एक सावधगिरी: काही कंपन्या संवेदनशीलता दर मिलिवॅटला देतात, काही दर व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडफोनचा दर व्होल्टचा आकडा दर मिलिवॅटच्या आकड्यापेक्षा १५ डेसिबलने मोठा दिसतो. एकक न बघता दोन हेडफोनांची तुलना करू नये.

मांडवी (बडोदे)
आमच्याकडे आणखी गंमत. गुजराती शाळेत रेझिस्टन्सलाच 'अवरोध' म्हणतात. त्यामुळे घरात 'संरोध' म्हटलं की मुलगी विचारते, अवरोधचं मराठी का? तिला दोन शब्दांत फरक आहे हे पटवायला अर्धा तास गेला.

बडोदा संस्थानाने १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश काढला होता. तिथे कचेरीचे शब्द कचेरीत वापरायला दरबारच पाठीशी होता. हेडफोनच्या दुकानात दरबार नाही, गिऱ्हाईक म्हणेल तो शब्द. टिपणात मी सरळ 'ओहम' लिहीन. 'कमी ओहमचा हेडफोन' म्हटलं की आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं.

महाराणी रोड
भिया, दुकानात बसणाऱ्याचं ऐका. आम्ही म्हणतो, 'हा करंट जास्त ओढतो.' बस. संरोध, प्रतिबाधा काही नको, 'ओढतो' म्हटलं की गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, मग माझ्या फोनला हा झेपेल का?

टिपणात ॲम्पच्या स्वतःच्या रोधाचं पण लिहा, आउटपुट इम्पिडन्स म्हणतात तो. सगळे हेडफोनचे ओहम बघतात आणि हा विसरतात. कमी ओहमच्या हेडफोनला हाच खरा नडतो.

खर्ज
अगदी. 'ॲम्पचा अंतर्गत रोध' लिहा, बॅटरीच्या धड्यात सगळ्यांनी वाचलेला शब्द आहे. हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा तो जास्त नसावा, असा ढोबळ हिशोब धरतात. ३२ ला ४, १६ ला २.

का, ते असं. कानात घालायच्या काही इअरफोनांमध्ये तीन-चार छोटे ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असतात आणि संरोध सुरागणिक बदलतो. समजा एका पट्टीत (म्हणजे वारंवारतेच्या एका टप्प्यात) ८ ओहम, दुसरीत ४०. ॲम्पचा अंतर्गत रोध १० असेल तर पहिल्या पट्टीत व्होल्टेजचा ४४ टक्के भाग इअरफोनला मिळतो, दुसरीत ८० टक्के. म्हणजे ५ डेसिबलचा फरक, जो रेकॉर्डिंग करणाऱ्याने कधी ठेवलाच नव्हता. तोच रोध १ ओहम असेल तर फरक एका डेसिबलच्याही आत येतो. पहिल्या ॲम्पवर तानपुऱ्याची जवारी बोचरी होईल किंवा पार मिटून जाईल, आणि दोष इअरफोनवर येईल.

प्लॅनरमध्ये संरोध सगळीकडे जवळपास सारखा असतो, त्यामुळे तिथे आवाजाचा पोत बिघडत नाही, फक्त एकूण आवाज घटतो. जुन्या डेक आणि ॲम्पच्या हेडफोन भोकामागे मात्र मोठा रोध घातलेला असायचा, १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही १२० ओहम धरला होता. घरातला जुना डेक बाहेर काढून त्याला १६ ओहमचा इअरफोन लावू नका, एवढं ठळक अक्षरात लिहा.

छत्रीबाग (इंदूर)
'ओढतो' आणि 'झेपतो' दोन्ही घेतले. मी मघापर्यंत 'ॲम्प हेडफोन चालवतो' लिहीत होतो, वाचताना टांगा चालवल्यासारखं वाटत होतं.

आता ॲम्पला काय? 'विवर्धक' लिहिलं तर कुणी ओळखत नाही. 'ध्वनिवर्धक' म्हटलं की आमच्या लोकांच्या डोळ्यासमोर अनंत चतुर्दशीच्या झांक्यांपुढचा भोंगा येतो. डॅकला तर शब्दच सापडत नाही.

महाराणी रोड
ॲम्प आणि डॅक. मीटर आणि टीव्हीला मराठी शोधता का?

अर्धविराम
'विवर्धक' एकदा लिहून पुढे ॲम्प वापरावा, म्हणजे शब्द मरणार नाही. हिंदीतला 'प्रवर्धक' मराठीत आणू नका, इंदुरात तो घुसखोरी करतोच. डॅकला नाव नको, काम सांगा: फोनमधलं गाणं आकड्यांत साठवलेलं असतं, सीडीच्या दर्जाला एका सेकंदात प्रत्येक बाजूचे ४४,१०० आकडे. त्या आकड्यांचं चढउतार होणारं व्होल्टेज करतो तो डॅक. आणि हे व्होल्टेज हेडफोनला झेपेल अशा ताकदीने पुढे देतो तो ॲम्प.

खर्ज
'हेडफोनला झेपेल' नको, झेपायचं ॲम्पला आहे. 'हेडफोनला पुरेल अशा ताकदीने' करा.

बाकी उत्तम, आणि यातून एक खर्चाची गोष्टही सुटते. डॅक प्रत्येक फोनमध्ये असतोच. भोक नसलेल्या फोनला जो डोंगल लागतो, त्याच्या त्या बोटभर वायरीत बहुतेकदा डॅक आणि ॲम्प दोन्ही असतात. बरेच डोंगल १ व्होल्टच्या आसपास देतात. वरचा १०० डेसिबलवाला हेडफोन त्यावर आरामात वाजतो, ८५ वाला त्याला नाही झेपणार. ज्येष्ठांपैकी दहातल्या नऊ जणांना टेबलावरचा वेगळा ॲम्पचा डबा लागणारच नाही, असं माझं मत. वेगळा डॅक तेव्हा, जेव्हा संगणकाच्या भोकातून गुणगुण किंवा चिरचिर येते.

मांडवी (बडोदे)
आवाजाच्या तक्रारींना शब्द नीट वेगळे करा बरं का. आमचे लोक सगळ्यालाच 'खरखर' म्हणतात.

खर्ज
हो, इथे मराठी श्रीमंत आहे, वापरून घ्या. गाणं थांबवल्यावरही जो सतत 'सूं' येतो तो ॲम्पचा. फार संवेदनशील, कमी ओहमच्या इअरफोनला तो हमखास ऐकू येतो, कारण ॲम्पची किरकोळ कुजबुजही त्याला पुरते. नॉब फिरवूनही सूं तेवढाच राहिला तर तो नॉबच्या पुढच्या भागातला आहे, तिथे गेन (ॲम्प व्होल्टेज किती पट वाढवतो ते) कमी असलेला ॲम्प घ्यावा. गाणं थांबलं की सूं पण थांबला तर तो मूळ टेपचा. उस्ताद अमीर खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकणार आणि सूं नको म्हणणार, असं कसं चालेल इंदूरकरांना?

'गुणगुण' म्हणजे विजेची, ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. चार्जर काढून बघा, बहुतेकदा जाते. 'खरखर' म्हणजे पिन सैल किंवा नॉब घासलेला. आणि मोठ्या तानेला 'आवाज फाटतो' तेव्हा ॲम्पला ते झेपत नाही, व्होल्टेज किंवा करंट संपला. कमी ओहमला बहुधा करंट.

छत्रीबाग (इंदूर)
पहिला परिच्छेद असा केलाय, बघा:

"खोक्यावर दोन आकडे शोधा. पहिला ओहम: तो कमी असेल तर हेडफोन करंट जास्त ओढतो, म्हणून ॲम्पचा अंतर्गत रोध त्याच्या आठव्या भागाहून कमी हवा. दुसरा डेसिबल: तो ९० च्या खाली असेल तर फोनला किंवा डोंगलला हेडफोन झेपेलच असं नाही. शंभरच्या वर असेल तर आधी डोंगलवर ऐका, मग पैसे काढा."

अर्धविराम
'डेसिबल'च्या पुढे 'दर मिलिवॅट' घाला.

महाराणी रोड
आणि गेनच्या बटनाचं? त्यावर लो-हाय लिहिलेलं असतं, लोक हायवर ठेवतात आणि सूं घेऊन माझ्याकडे येतात.

छत्रीबाग (इंदूर)
घालतो. "गेन आधी लोवर ठेवा, नॉब पूर्ण फिरवूनही आवाज अपुरा वाटला तरच हाय करा. बटन दाबण्याआधी नॉब शून्यावर आणा आणि हेडफोन कानावरून काढा."