आठ संघ होते म्हणून रसेल सोपा?

रंकाळाकर: सकाळी एकानं इथं टाकलंय, "अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमध्ये बॉस्टनच्या बिल रसेलच्या वेळी सुरुवातीला संघच आठ, त्याची ११ विजेतेपदं म्हणजे गल्लीतली स्पर्धा. मायकेल जॉर्डनच्या ६ पुढं पाणी कमच." अरे, थोडेच संघ म्हणजे प्रत्येकात निवडक गडी, आणि समोर सारखा चेंबरलेनसारखा धिप्पाड गडी! १३ हंगामांत ११, त्यातली शेवटची दोन तर स्वतः प्रशिक्षक आणि खेळाडू असताना. समोरच्याची फेक ब्लॉक केली, म्हणजे हवेतच अडवली, की चेंडू प्रेक्षकांत भिरकावायचा नाही, हळूच आपल्याच माणसाकडं ढकलायचा. तेव्हा ब्लॉक मोजतही नव्हते, नाहीतर तोंडं बंद झाली असती.

जॉर्डनभक्त_२३: ते मीच टाकलंय. सामन्याला २२ रिबाउंड म्हणे! नेम कुणाचा लागत होता तेव्हा? चुकलेल्या फेकींचा पाऊस, गोळा करायला काय जातंय? आणि बरोबर कूझी, सॅम जोन्स, हॅव्हलिचेक. असल्या संघात मीही जिंकलो असतो.

माजी पीटी सर: तू जिने चढून दाखव आधी. १९६१ ला लेक्सिंग्टनमध्ये हॉटेलात काळ्या खेळाडूंना वाढलं नाही, तर रसेल आणि सोबती सामना सोडून परत गेले. बॉस्टनजवळ त्याच्या घरात शिरून बिछान्यावर घाण केली लोकांनी. म्हणून १९७२ ला त्याची ६ नंबरची जर्सी मानानं छताला टांगली ती प्रेक्षकांना आत सोडायच्या आधी, त्याच्याच हट्टानं. तुम्ही बसा विजेतेपदाच्या अंगठ्या मोजत.

उपनगरी: सर, हे पोरांना सांगायचं कुठं? आमच्या शाळेच्या कोर्टवर लग्नाचे मांडव पडतात. फरशीला पहारीची भोकं, रिंगला लायटिंगच्या माळा. कोल्हापुरात फुटबॉल सोडून दुसरा खेळ आहे हे कुणाला माहितीय?

पेठेचा डिफेंडर: फुटबॉलचं नाव घ्यायचं काम नाही! तालमींनी वर्गणी काढून खेळ जगवलाय. तुमच्या कोर्टसाठी कुणी दहा रुपये काढले?

उपनगरी: जगवला म्हणे. मॅच सुटल्यावर शाहू स्टेडियमबाहेर गाडी लावून दाखवा. माझा आरसा गेलाय.

पेठेचा डिफेंडर: आरशाचं दुःख बास्केटबॉलच्या नावावर खपवू नको भावा.

माजी पीटी सर: भांडा. खाशाबांनी १९५२ ला हेलसिंकीहून पदक आणलं, अर्जुन पुरस्कार मरणानंतर. आपली तऱ्हाच ही.

जॉर्डनभक्त_२३: तिकडं तरी काय वेगळं? सगळ्या लीगनं ६ नंबर निवृत्त केला, म्हणजे नव्यानं कुणाला द्यायचा नाही, तो २०२२ ला, रसेल गेल्यावरच.

रंकाळाकर: ओबामानं २०११ ला पदक गळ्यात घातलं तेव्हा जिवंत होता. २००९ पासून अंतिम फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्याच्याच नावानं. अर्धंच वाचायची सवय तुझी.

जॉर्डनभक्त_२३: बरं बाबा, देव तुझा रसेल. १९६९ च्या अंतिम फेरीत समोरच्या लेकर्स संघानं विजयाचे फुगे छताला बांधून ठेवले आणि हा दोन गुणांनी जिंकून गेला, ते भारी होतं. खूश? पण रिबाउंडचं मी मागं घेत नाही.

पेठेचा डिफेंडर: आरसा कितीचा होता रे?