सल्ला हवा: व्ही-६ सेडानला मागे दोन टर्बो, एक्झॉस्ट आणि पायपिंगची मापं

पांढरकवडा_व्ही६
नमस्कार मंडळी. गाडी जुनी ३ लिटर पेट्रोल व्ही-६, इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना, कॉम्प्रेशन १०:१. बॉनेटखाली जागाच नाही, म्हणून दोन लहान टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात हवा दाबणारे) मागे मफलरच्या जागी बसवायचे आहेत. बूस्ट म्हणजे हवेचा जादा दाब ०.४ बार, त्यावर नाही. गाडी फक्त खासगी जागेतल्या पट्टीवर चालेल; तिथं जायला पांदण आणि एक रपटा (ज्यावरून पाणी वाहतं असा ठेंगणा पूल) आहे. वेल्डिंग हिंगणा एमआयडीसीत करून घेणार. एक्झॉस्टचा व्यास किती, टर्बोपासून इंजिनपर्यंत हवेचा पाइप किती, आणि तेल परत कसं आणायचं?

टिगवाला_नागपूर
भाऊ, पाइपाआधी तेल ठरवा. मागे बसवलेले टर्बो बिघडतात ते बहुतेक तेलापायीच. टर्बोचा ड्रेन (तेल बाहेर पडायची वाट) संपच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, पातळीला किंवा त्याच्याही खाली येतो, त्यामुळे तेल आपोआप वाहत नाही. ते सेंटर हाउसिंगमध्ये साचतं, सीलमधून टर्बाइनकडे उतरतं, आणि मागून निळा धूर सुटतो. लोक टर्बो गेला समजून बदलतात, पण टर्बो चांगलाच असतो.

असं करा: दोन्ही टर्बोंचे ड्रेन सरळ उभे खाली सोडा, मधोमध पाव लिटरची एकच छोटी टाकी द्या, आणि तिच्या तळातून गिअर टाइप स्कॅव्हेंज पंपानं (तेल परत ओढणाऱ्या पंपानं) तेल ओढा. पंपाच्या तोंडावर जाळी पाहिजेच. दोन ड्रेन टी जोडून थेट पंपाला देऊ नका. ज्या बाजूला हवा आली, पंप तिथूनच ओढतो, आणि दुसरा टर्बो तेलानं भरतो. तेल संपमध्ये तेलाच्या पातळीच्या वर सोडा.

पुढून येणाऱ्या फीड लाइनला टर्बोजवळ चेक व्हॉल्व्ह लावा, नाही तर इंजिन बंद झाल्यावर लाइनमधलं तेल टर्बोत उतरत राहते. टर्बो बॉल बेअरिंगचा असेल तर फीडला सुमारे १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे तेल बेतानं जातं. पंप रिलेवर घ्या, इंजिन बंद झाल्यावर ३०-६० सेकंद चालेल असा टायमर द्या, आणि पंप थांबला तर डॅशवर लाल दिवा लागला पाहिजे. होज टेफ्लॉनचे, वरून स्टीलची जाळी, आणि एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूनं.

काळीमाती
आता एक्झॉस्ट. नेहमीचा हिशोब इथं चालत नाही, कारण वायू मागं पोहोचेपर्यंत थंड होतो आणि आक्रसतो. मॅनिफोल्डला ८०० अंश असलेला वायू टर्बोला ५५० वर आला, तर त्याचं आकारमान जवळपास पाऊण उरतं. पाइप मोठा ठेवला तर वेग मरतो आणि टर्बो उशिरा जागा होतो. तुमच्या प्रत्येक बँकला (तीन सिलिंडरच्या बाजूला) दीड लिटर इंजिन आहे, तर टर्बोपर्यंत २ इंची पाइप भरपूर झाला. टर्बाइन हाउसिंगही नेहमीपेक्षा एक माप लहान घ्या. टर्बोतून बाहेर पडल्यावर मात्र अडीच इंची, आखूड आणि मोकळा.

धातू ३०४ स्टेनलेस, १.६ मिमी. ३ मीटरचा पाइप ५०० अंशांनी तापला की अडीच सेंटिमीटर लांबतो. दोन्ही टोकं घट्ट बांधली तर वेल्ड फाटतो नाही तर मॅनिफोल्डला तडा जातो. म्हणून प्रत्येक बँकला इंजिनजवळ एक बेलो (घड्यांचा लवचिक तुकडा) आणि मधले हँगर सरकते. वेल्ड करताना आतून आर्गॉन सोडायला सांगा, नाही तर आत खडबडीत काळी साय धरते आणि तिचे कण टर्बाइनवर जातात. त्याच कारणासाठी टर्बोच्या आधी जुना कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) ठेवू नका.

उष्णता टिकवायला पाइपाला रॅप (उष्णतारोधक पट्टी) लावा, पण पांदणीचा चिखल त्यात मुरतो. साध्या लोखंडावर असला तर रॅपखाली पाइप गंजतो.

पांढरकवडा_व्ही६
धन्यवाद दादा. हवेचा पाइप ४ मीटर होतो. त्यानं लॅग, म्हणजे बूस्ट यायचा उशीर, किती वाढेल? आणि एवढा लांब पाइप असताना इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) लागतो काय?

काळीमाती
लॅगची भीती सोडा. अडीच इंची पाइपाची ४ मीटर लांबी म्हणजे साधारण ११-१२ लिटर. ०.४ बारसाठी त्यात पाच लिटरच्या आसपास हवा जास्त भरायची. ३००० आरपीएमला तुमचं इंजिन सेकंदाला ७५ लिटर ओढते. फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी. लॅग येतो तो थंड झालेल्या एक्झॉस्टमुळे आणि टर्बोआधीच्या गळतीमुळे.

इंटरकूलर मात्र लागतोच. मे महिन्यात ४५ अंशांची हवा ०.४ बारला दाबली की ९० च्या घरात जाते, आणि गाडीखालची हवा काही थंड नसते. हवेचा पाइप एक्झॉस्टच्या बोगद्यातून नेऊ नका.

टिगवाला_नागपूर
अॅल्युमिनियमच्या पाइपाच्या टोकांना बीड (उंच कड) काढून घ्या, नाही तर सिलिकॉन होज बूस्टला निसटते. इंजिन हलते, पाइप बॉडीला बांधलेला, म्हणून इंजिनच्या टोकाला हंप होज (मधे फुगीर, लवचिक नळी). ब्लो-ऑफ (थ्रॉटल मिटला की दाब सोडणारा व्हॉल्व्ह) थ्रॉटलजवळ. वेस्टगेटची (बूस्ट हद्दीत ठेवणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी कॉम्प्रेसरवरूनच घ्या, दोन्ही टर्बोंना एकाच लांबीची. शेवटी कॉम्प्रेसरची तोंडं बंद करून टायरच्या पंपानं ०.७ बार भरा आणि साबणाचं पाणी लावा.

सावनेर_डिझेल
फिल्टरबद्दल कोणी बोललं नाही. मागच्या चाकाच्या मागं उघडा फिल्टर ठेवला तर रपट्यावर पाणी थेट कॉम्प्रेसरमध्ये जाते. डिक्कीत घ्या, तोंड वर, कागदी फिल्टर. कापसाच्या हंगामात जिनिंगकडचा भुगा उडतो, वरून धुता येणारी जाळीची टोपी घाला आणि इंटरकूलरही तपासा.

अजून महत्त्वाचं: तापलेला टर्बो गाडीखाली असतो. पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) किंवा वाळलेल्या गवतावर गाडी उभी केली तर आग लागते. टर्बोला ब्लँकेट, खाली १ मिमीचा पत्रा, आणि पेट्रोलची टाकी व मागचे ब्रेक होज यांच्या बाजूनं १०-१५ मिमी हवेची फट ठेवून दुसरा पत्रा. अग्निशामक सिलिंडर सीटजवळ, डिक्कीत नको.

पांढरकवडा_व्ही६
टाकी आणि डाव्या टर्बोत १२ सेंटिमीटरच अंतर उरते. दोन पत्र्यांवर भागेल काय?

सावनेर_डिझेल
नाही जी. डावा टर्बो उजवीकडं सरकवा, डावीकडचा पाइप ३० सेंटिमीटर लांब झाला तरी चालते. टाकीजवळ जागा सोडाच.