आहेर, पंगत, शिधा: तुमच्याकडची देण्याघेण्याची रीत सांगा

लग्नपत्रिकेवर हल्ली 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ सर्रास दिसते. हेतू चांगला असतो, तरी मला ती खटकते. आहेर घेतला की कधीतरी तो फेडायला त्या घरची पायरी चढावी लागते, आणि मला तेच मोलाचं वाटतं. नाशिककर आणि इथून बाहेर गेलेली मंडळी, आपापले अनुभव लिहा. मी सुरुवात करते.

आमच्या पंचवटीतल्या घरी आहेराची जुनी वही आहे. लाल कापडी पुठ्ठा, पहिल्या पानावर 'श्री' आणि कुंकवाचं बोट. आत नाव, गाव आणि पुढे '11 रु. व तांब्या', 'खण', 'पातेलं झाकणासह'. कुणाकडची पत्रिका आली की आई वही काढून बसते. घेतलं त्याहून थोडं वरचढ द्यायचं, हा तिचा नियम. तेवढ्यास तेवढं दिलं तर हिशेब मिटवला असं होतं आणि समोरच्याला ते लागतं.

सिन्नरकडून
आमच्याकडे इर्जिक व्हायची. ज्याचे बैल गेले किंवा घरातला करता माणूस आजारी पडला, त्याच्या रानात सगळे आपापली औतं घेऊन उतरायचे. मजुरी कुणी घेत नसे. मालकाने जेवण घालायचं, ऐपतीप्रमाणे मटणाचा रस्सा नाहीतर पुरणपोळी, आणि वाढायला स्वतः उभं राहायचं. पुढे दुसऱ्यावर वेळ आली की आपलं औत न सांगता निघायचं. आता ट्रॅक्टरवाल्याला पैसे दिले की विषय संपतो. काम झटपट होतं हे खरं, पण वडील अजून सांगतात ते बांधावरच्या पंगतीचंच.

मालेगावहून
रमजानमध्ये शेजारून ताट येतं: खजूर, भजी, फळं. ईदला शीरखुर्मा. दिवाळीत आमचा फराळ तिकडे. ताट रिकामं परत करायचं नाही, घरात काही नसलं तर आई मूठभर साखर घालते. त्यांच्याकडेही अगदी हेच.

मूळची सिडकोची, सध्या व्हँकुव्हर
इथून उत्तरेला अलर्ट बे नावाचं गाव आहे. तिथल्या क्वाक्वाकावाक्व या आदिवासी लोकांचा पॉटलॅच म्हणजे गावजेवण आणि आहेर, पण उलट्या दिशेने: यजमानच पाहुण्यांना वस्तू वाटतो. बारसं, लग्न, मृत्यू, सरदारकीचा वारसा, असं निमित्त असतं. वस्तू घेतली की पाहुणा त्या प्रसंगाचा साक्षीदार झाला, आणि जितकं वाटाल तितका मान. सरकारला ही उधळपट्टी वाटली. 1885 ते 1951 कॅनडात पॉटलॅचवर बंदी होती. 1921 मध्ये एका पॉटलॅचनंतर धरपकड झाली, मुखवटे आणि मानाचे तांब्याचे पत्रे जप्त झाले. त्यातले बरेचसे पुढे परत मिळाले, ते गावातल्या उमिस्ता केंद्रात मी पाहिले. ज्यांच्याकडून नेले त्यांच्याच लोकांकडे ते परत आलेत, हे पाहून डोळे भरून आले.

गंगापूर रोड, निवृत्त शिक्षक
पापुआ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या 'कुला'बद्दल मी वर्गात सांगायचो. लाल शिंपल्यांचे हार बेटाबेटांतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पांढरी शंखाची कडी उलट दिशेने. मिळालेली वस्तू कायमची ठेवायची नाही, काही काळाने पुढे द्यायची. मुलं लगेच म्हणायची, सर, आपली टॉवेल-टोपी!

येवल्याहून
सगळं गोड गोड लिहिलंय म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या भावकीत तेराव्याच्या जेवणासाठी लोकांनी सावकाराचं कर्ज काढलंय. वाकून फेडावं लागतं त्याला मान कसला? शेवटी बैठक घेऊन ठरवलं: दुःखाच्या घरी चूल पेटवायची नाही, दहा दिवस एकेका घरून पिठलं-भाकरी जाईल. तेराव्याचा शिधा सगळ्यांनी मिळून भरायचा आणि टॉवेल-टोपी बंद. ज्येष्ठांनी कुरकुर केली, पण गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यातल्याच एकाच्या घरी प्रसंग आला तेव्हा पहिला डबा त्याच्या जुन्या भांडणातल्या चुलतभावाने नेला.