फियाटची पुढची काच: रबरात बसवायची की चिकटवायची?

प्रश्न (सातारा)

बाबांची 1978 ची प्रीमियर पद्मिनी आहे. घरात तिला आम्ही सगळे फियाटच म्हणतो. परवा खंबाटकी घाटाच्या अलीकडे डंपरमधली खडी उडाली आणि पुढची काच एका क्षणात पांढरीफटक झाली. समोरचं काही दिसेना. गाडी कडेला घेईपर्यंत बाबा गप्प होते, मग एवढंच म्हणाले, "मूळची काच गेली गं."

इथला काचवाला म्हणतो, कुर्ल्याच्या भंगारातून जुन्या पद्मिनी टॅक्सीची काच आणतो आणि पीयूने (पॉलियुरेथेन, काच चिकटवायचा गोंद) चिकटवतो, कारण जुनं रबर दगडासारखं झालंय. बाबांना रबर आणि त्यावरची चमकती पट्टी तशीच हवी आहे. काय करू?

उत्तर 1 (ठाणे)

आधी विम्याचा कागद काढा. फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) असेल तर विषय संपला. ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा) असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत, रबरावर मात्र 50 टक्के कापतात. वर सक्तीचे 1000 रुपये आपल्या खिशातून जातात आणि नो क्लेम बोनसही (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. हिशेब करूनच क्लेम करा.

उत्तर 2 (कोल्हापूर, काचकाम 31 वर्षं)

ताई, चिकटवू देऊ नका. या गाडीच्या चौकटीला पत्र्याची कड आहे, ती रबराच्या खाचेत बसते. पीयूला रुंद सपाट जागा लागते, ती इथे नाही. पुढे कधी काच काढायची झाली तर तारेने कापावी लागेल, रंग खरवडेल आणि तिथून गंज धरेल.

टॅक्सीची जुनी काच मी तरी घेणार नाही. वायपरच्या रेघा असतात, रात्री समोरून दिवे आले की त्या चमकतात. नवी लॅमिनेटेड घ्या. तुमची फुटली ती टफन (तापवून कडक केलेली एकेरी काच), म्हणून सगळीच्या सगळी पांढरी झाली. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये पारदर्शक थर असतो. तडा गेला तरी काच जागेवर राहते, समोरचं दिसतं. कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का आणि आयएस 2553 (सुरक्षा काचेच्या मानकाचा क्रमांक) बघून घ्या. सपाट काच कापून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा. आपली काच गोलाईची आहे, सपाट काच दाबून बसवली की ताणाने तडकते.

खरं काम काच येण्याआधीचं आहे. रबर काढा आणि चौकटीचे खालचे दोन्ही कोपरे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. पाणी तिथेच साचतं. गंज दिसला तर पांढरा पत्रा लागेपर्यंत घासा, प्रायमर, रंग, आणि पूर्ण वाळू द्या. गंजावर बसवलेली काच पहिल्या पावसात गळते, हे मी फार वेळा पाहिलंय. आंबट वासाचं सिलिकॉन भरू देऊ नका, त्यातल्या आम्लाने पत्रा खाल्ला जातो. न सुकणारं सीलंट मागा.

नवं रबर थोडा वेळ उन्हात ठेवा. ते काचेला चढवा, पत्र्याच्या बाजूच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवा, टोकं खाली मध्यभागी वीतभर एकावर एक घ्या. साबणाचं पाणी लावा. एकाने बाहेरून तळहाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ कडेवर उलटतो. मुठीने ठोकायचं नाही, लॅमिनेटेड काच कडेला नाजूक असते.

प्रश्नकर्ती, तीन आठवड्यांनी

डाव्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. डेंटिंगवाल्याने तुकडा वेल्ड केला, रंग वाळायला चार दिवस दिले. काच नवी लॅमिनेटेड, रबर नवं, पट्टी जुनीच, बाबांनी स्वतः पुसून ठेवलेली. काचवाला आधी नाराज होता, पण आला. दोरी बाबांनी ओढली, आम्ही दोघांनी बाहेरून दाबलं. तिसऱ्या खेपेला बसली. पाईपने पाणी मारलं तेव्हा उजवीकडे वर एक थेंब आला, तिथे सीलंट भरलं. काल रात्रभर पाऊस होता. सकाळी बाबांनी खालचं पायपुसणं उचलून दाखवलं, कोरडं होतं.