ज्याचं काम, त्याचंच उदाहरण हवं

ऑफिसात सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण म्हणजे वर्षातून एकदा तासभराचा व्हिडिओ आणि शेवटी दहा प्रश्न. एवढ्याने लोक ऑनलाइन फसवणूक ओळखायला शिकतात का, हा प्रश्न आहे. माझ्या अनुभवात नाही. आवाज बंद करून व्हिडिओ चालू ठेवतात आणि उत्तरं शेजाऱ्याला विचारतात. दोष लोकांचा नाही, त्या व्हिडिओत त्यांचं रोजचं काम कुठेच नसतं.

आम्ही अकाउंट्सच्या टीमसाठी नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने एक बनावट मेल तयार केली आणि छापून टेबलावर ठेवली. ‘आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट नव्या खात्यात करा.’ लेटरहेड बरोबर, इन्व्हॉइस नंबरही बरोबर. पाच मिनिटं सगळे कागदावर वाकले होते. मग एका ताईंनी पाठवणाऱ्याच्या ईमेल पत्त्यावर बोट ठेवलं: इंग्रजी ‘एम’च्या (m) जागी ‘आर’ आणि ‘एन’ (rn) शेजारी-शेजारी, दिसायला जवळपास सारखेच! आता खातं बदलायचं म्हटलं की त्या स्वतःच फोन लावतात, तोही आपल्याकडच्या जुन्या नंबरवर, मेलमधल्या नव्हे.

बँकेत शिकवत असाल तर पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८चा सायबर हल्ला जरूर घ्या. सुमारे ९४ कोटी रुपये गेले होते.

आणखी एक, कर्मचारी फसतात का हे पाहायला कंपनीच पाठवते त्या बनावट चाचणी-मेलवर ज्यांनी क्लिक केलं त्यांची नावं कृपा करून जाहीर करू नका. एकदा लाज वाटली की माणूस खरी चूकही लपवतो. पैसे गेले असतील तर १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, लगेच फोन करावा लागतो, तिथे लपवण्यात गेलेला अर्धा तासही फार महाग पडतो.