फ्रीलान्स कामाचं कोटेशन: मंजुरीची वाट बघण्याचे दिवस आणि वाढीव कामं कशी धरता?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकहून एकट्याने मोबाईल अ‍ॅपची कामं घेतो. सध्या एका कोचिंग क्लासचं काम समोर आहे: हजेरी, फी, परीक्षेचे गुण आणि पालकांना एसएमएस. क्लासच्या सरांना एकच आकडा हवाय, "सगळं मिळून किती, आणि कधी देणार?" फिक्स रेटला माझी ना नाही, पण आकडा सांगण्याआधी तुमचा सल्ला हवा आहे.

कोडिंगच्या तासांची फारशी चिंता नाही. हजेरीचं काम सुरळीत झालं तर १२ तास, बहुधा २०, अडकलो तर ४०. मधल्या आकड्याची चौपट, त्यात बाकीचे दोन मिळवून सहाने भागलं की २२ तास येतात. पर्ट नावाची अंदाज बांधायची ही जुनी पद्धत ओळखीच्या कामाला छान चालते.

खरा घोळ आहे तो माझ्या हातात नसलेल्या दिवसांचा. एसएमएससाठी क्लासच्या नावाने डीएलटी नोंदणी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांना दूरसंचार कंपन्यांकडे करावी लागते ती), मग हेडरची, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी दिसणाऱ्या नावाची मंजुरी, मग प्रत्येक मेसेजच्या टेम्प्लेटची, म्हणजे ठरलेल्या मजकुराच्या साच्याची. सरांनी मजकूर बदलला की ते टेम्प्लेट पुन्हा मंजुरीला. प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं काढलं तर आधी किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात. संस्थेच्या नावाने खातं काढलं तर ही अट नाही, पण डन्स नंबर (संस्थेची ओळख पटवणारा क्रमांक) मिळवावा लागतो. या काळात माझे तास थोडेच जातात, मात्र फोन चालूच राहतात आणि शेवटचा हप्ता अडकतो.

दुसरी अडचण फीची. बोलण्यात तो एकच शब्द. आत भावंडांची सवलत, मध्येच क्लास सोडलेल्याचा परतावा, न वटलेला चेक. सर काही लपवत नाहीत. वर्षानुवर्षं वहीत चालत आलेलं वेगळं सांगायला हवं असं त्यांना वाटतच नाही. म्हणून कोटेशनआधी ती वहीच बघायला मागावी, असं माझं ठाम मत झालंय. त्या अभ्यासाचे वेगळे पैसे तुम्ही घेता का? छोटे ग्राहक देतात का?

हप्ते असे योजलेत: ४० टक्के आधी, ४० टक्के टेस्टिंगला दिल्यावर, २० टक्के अ‍ॅप स्टोअरवर आल्यावर. हे शेवटचे २० टक्के स्टोअरला बांधावेत, की टेस्टिंगनंतर ठरावीक मुदतीला? आणि एकूण तासांवर २५ टक्के राखीव धरले तर ते वेगळे दाखवायचे, की दरातच मिसळायचे? मला उघड दाखवणं पटतं, पण घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री तिथेच लागते.

वाढीव कामाबद्दल तुम्ही कोटेशनमध्ये जे कलम घालता, ते ग्राहकाचं नाव काढून इथे जसंच्या तसं टाकलंत तर फार मदत होईल. सरांशी बैठक येत्या शनिवारी आहे.